पडद्याला कोण?

दुकानातल्या फ्रीजने अंग झाडून एक लांब हुंदका दिला, तेव्हा कुठे आतल्या खोलीतल्या माणसांच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ गप्प बसलो आहोत.

"गेला वाटतं," टेलरकाका म्हणाले.

"जातोय कसला. नाटकं आहेत त्याची," सासूबाई म्हणाल्या. "थांबा, आत्ता सुरू होईल."

फ्रीज पुन्हा घरघरायला लागला. भिंगरी खुदकन हसली. घरच्या धाकट्या सुनेने, धाकटीने, लेकीला डोळ्यांनीच दटावलं, कारण समोर तिच्या आत्याचे डोळे ओले होते. आत्या म्हणजे ताई. त्या आत्ताच गाडीतून उतरून आल्या होत्या, आणि पायातले बूटही न काढता त्यांनी आईला सांगून टाकलं होतं, "त्या औषधवाल्याला नाही म्हणून कळव. दुकान द्यायचं नाही." त्यावर काय बोलावं हे कुणालाच सुचलं नव्हतं, म्हणून ती शांतता.

खरं तर सगळं ठरलं होतं. सासरे गेल्यावर याच खोलीत, याच माणसांनी बसून ठरवलं होतं की कोपऱ्यावरचं हे दुकान आता आवरायचं. सासूबाईंचे गुडघे जिन्यावर बोलायला लागले होते. भिंगरीचा बाबा बस चालवायचा. पहाटे डेपोत गेला की दुपार टळल्यावर आंबलेल्या पाठीने परतणारा माणूस दुकानात काय उभा राहणार. थोरले दीर-जाऊ पार लांब, ते फोनवरून "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा" म्हणून मोकळे झाले होते. मागच्या गल्लीतला औषधवाला जागा भाड्याने घ्यायला एका पायावर तयार होता, तरी घाई करत नव्हता. आणि ताई, त्यासुद्धा तेव्हा "सुटेल बिचारी आई" असंच म्हणाल्या होत्या. या घरात सगळ्यांचं एकमत झालेली ती बहुधा पहिलीच गोष्ट.

मग टीव्हीवर ती मालिका सुरू झाली.

मालिकेत एक कोपऱ्यावरचं दुकान होतं. लाकडी फळ्या, काचेच्या बरण्या, बरण्यांत रंगीत गोळ्या, आणि सगळ्यावर सकाळ असो की दुपार, मावळतीचं ऊन. दुकानात एक पांढऱ्या केसांचे आजोबा बसायचे. गल्लीत कुणाचं लग्न मोडलं, कुणी परीक्षेत आपटलं, कुणाचं भावाशी वाजलं, की तो माणूस आजोबांकडे यायचा. आजोबा त्याचं सगळं ऐकून घ्यायचे, बरणीतून एक गोळी काढून त्याच्या हातावर ठेवायचे आणि दोन शब्द असे बोलायचे की तो डोळे पुसतच घरी जायचा. साबण मागायला त्या दुकानात आजवर कोणी आलं नव्हतं.

अख्खी गल्ली ती मालिका बघायची. "काकू, तुमचंच दुकान दाखवतात हो," असं लोक सासूबाईंना सांगायला यायचे, हातात मोठ्या दुकानातल्या पिशव्या घेऊन. सुरुवातीला सासूबाई नाक मुरडायच्या. "फळीवर धूळ नाही, कोपऱ्यात उंदीर नाही, शिळा पाव परत घेऊन भांडायला कोणी येत नाही. आणि तो म्हातारा सकाळपासून एकटा बसलाय, तो लघवीला कधी जातो तेवढं एकदा दाखवा म्हणावं." पण हळूहळू नाक मुरडणं कमी झालं. गेल्या आठवड्यात एकदा धाकटी बाळाला घेऊन आतल्या खोलीच्या पडद्याआडून डोकावली, तर सासूबाई मऊ फडक्याने गोळ्यांची बरणी पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी ती जरा उजेडाकडे सरकवली आणि मान तिरकी करून बघितली. धाकटी पाऊल न वाजवता तशीच मागे फिरली.

कारण दुकान चालू राहणार आणि सासूबाईंचे गुडघे साथ देणार नाहीत, तर मग गल्ल्यावर कोण बसणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाळ होण्याआधी धाकटी दातांच्या दवाखान्यात कामाला होती. खुर्चीत आडव्या झालेल्या, मुठी आवळलेल्या माणसाशी हळू आवाजात काहीबाही बोलत राहायचं, आणि बोलता बोलता डॉक्टरीणबाईंच्या हातात त्यांनी मागायच्या आत नेमकं हत्यार ठेवायचं. ते काम तिला मनापासून आवडायचं. डॉक्टरीणबाईंनी तिची जागा राखून ठेवली होती, पण परवा त्यांचा फोन आला. "येणार असशील तर ये, नाहीतर मला दुसरी बघायला लागेल. राग नको मानूस." धाकटी म्हणाली, कळवते. काय कळवणार? दुकान गेलं तर सासूबाई घरी बाळापाशी बसणार होत्या. त्याच म्हणाल्या होत्या, "मला बाळ परवडलं. ते निदान एका वेळी चार वस्तू मागत नाही." पण हे झालं मालिकेच्या आधी.

"पण ताई, तेव्हा तर तू हो म्हणाली होतीस," भिंगरीचा बाबा आता चाचरत म्हणाला. तो पडद्याला पाठ लावून बसला होता.

"तेव्हा मला कळलं नव्हतं मी कशाला हो म्हणतेय ते." ताईंनी एकदाचे बूट काढले आणि पाय वर घेतले. "मी तिकडे बाराव्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये रोज तीच माणसं, आणि कोणी कुणाकडे बघत नाही. ती मालिका लागली ना, की मला साबणाच्या खोक्यांचा वास येतो. खोट्या टीव्हीतून खरा वास. मी पोत्यावर बसून अभ्यास करायची, बाबा बिस्किटांचा चुरा कागदात बांधून द्यायचे. ते सगळं त्या माणसाच्या खोकल्याच्या औषधांखाली घालायचं का?"

"वास येतो खरा," काका म्हणाले. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, गल्लीच्या टोकाला शिवणयंत्र घेऊन बसणारे. दुपारी काम नसलं की ते दुकानातल्या स्टुलावर येऊन बसत, आणि त्यांच्या मते दुकान बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच चालत होतं. "आणि वहिनी, त्या मालिकेत एक टेलरपण घेतलाय आता. लोक मला विचारतात, तुमच्यावरूनच घेतला का म्हणून."

"तुम्ही काय सांगता भाऊजी?"

"मी काही सांगत नाही. नुसता हसतो."

"म्हणजे हो म्हणून सांगता," सासूबाई म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू धाकटीला काही बरं वाटलं नाही. त्यात नकार नव्हता.

ताईंनी तेवढ्यात फोन पुढे केला. त्यात चित्रं होती. "हे बघ आई. हे लोखंडी रॅक काढून टाकायचे. जुन्या लाकडाच्या फळ्या करून घ्यायच्या, मिळतात. ट्यूबलाइट काढून पिवळे दिवे. बरण्या पुढे, बाकीचं सामान मागे. लोकांना आता हेच हवंय. फोटो काढायला येतील, आले की काहीतरी घेतील. मी सगळं करून देते, तुम्ही फक्त चालवा."

"चालवायचं कोणी?" भिंगरीच्या बाबाने विचारलं. एवढं विचारल्याबद्दल धाकटी मनातल्या मनात त्याला ओवाळणार होती, पण तो पुढे काही बोलेना.

"वहिनी आहे की," ताई म्हणाल्या. अगदी मायेने म्हणाल्या, हात पुढे करून धाकटीच्या गुडघ्यावर ठेवत. "घरच्या घरी. बाळ जवळ, भिंगरी जवळ. बाहेर धावायला नको, कुणाची बोलणी खायला नकोत. काय गं?"

सगळे धाकटीकडे बघायला लागले. बाळ तेवढ्यात कुरकुरलं, तिने त्याला ओढणीखाली घेतलं आणि मान खाली घातली. बाळाचा हा एक उपयोग तिला हल्लीच कळला होता.

"बघू," भिंगरीचा बाबा तिच्या वतीने म्हणाला. तो बहुतेक गोष्टींना बघू म्हणायचा, आणि मग दुसरंच कोणीतरी बघायचं.

सासूबाई मात्र पुढे वाकल्या. त्यांनी फोन हातात घेतला, चित्रं लांब धरून, मग जवळ धरून पाहिली. "फळ्या छान आहेत," त्या म्हणाल्या. "औषधवाला आज संध्याकाळी विचारायला येणार आहे. काय सांगायचं त्याला?"

"मालिका संपू दे, मग ठरवू," काका म्हणाले. "लागायची वेळ झाली."

टीव्ही लावला गेला. ताईंनी आईचा हात धरून तिला मधल्या खुर्चीत बसवलं. "आज तू उठायचं नाहीस," भावाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "पडद्याला हा आहे."

पडद्याला कोण, हा या घरातला सगळ्यात जुना प्रश्न. दुकान आणि आतली खोली यांच्यामध्ये दार नव्हतंच कधी, एक जाड पडदा होता. जेवायला बसा, पाहुण्यांशी गप्पा मारा, भांडा, कुणाचा ताप उतरायची वाट बघा, आधी ठरायचं की पडद्याला कोण. पडद्याकडच्या जागी जो बसेल त्याने बाहेरून "आहे का कोणी?" ऐकू आलं की "आलो" म्हणून उठायचं, घास तोंडात असला तरी. धाकटी लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवशी जेवायला बसताना सगळ्यांनी नेमकी तीच जागा तिच्यासाठी मोकळी सोडली. तिला वाटलं, नव्या सुनेचा मान. ती लाजत, नीटनेटकी होऊन तिथे बसली, आणि जेवण होईपर्यंत बॅटरीचे सेल, धाग्याचं रीळ, अंडी आणि काडेपेटी देऊन आली. माहेरी फोनवर हे सांगताना ती पोट धरून हसली होती. तेव्हा हसू आलं होतं.

मालिका सुरू झाली. मावळतीचं ऊन, बरण्या. आजोबा दुकानात एकटेच होते. आजच्या भागात गल्लीतली एक मुलगी गाव सोडून जाणार होती, आणि जायच्या आधी आजोबांना भेटायला येणार होती. ताईंनी आधीच रुमाल काढून ठेवला. काका पुढे सरकले. टीव्हीत मुलगी दुकानाबाहेर थांबली, आत यावं की नाही म्हणून घुटमळली. मग टीव्हीचं चित्र बदललं, गल्ला तेवढा जवळून दिसायला लागला, आणि लाकडावर बोटाची टकटक झाली.

"आहे का कोणी?"

"आले," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

इतक्या सहज उठल्या की कुणाला काही वावगं वाटलं नाही. गुडघ्यावर हात दाबला, पायाने चपला चाचपल्या, भिंगरीच्या बाबाच्या खांद्याला आधारासाठी हात लावला, आणि पडदा सारून दुकानात गेल्या. पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला, गिऱ्हाइकाशी बोलायचा तो ठेवणीतला, जरा चढा आवाज. "हं, काय हवंय?"

दुकानात कोणीच नव्हतं. फ्रीज तेवढा घरघरत होता.

टीव्हीत आजोबा बसल्या जागीच मान वर करून म्हणाले, "ये बाळ."

भिंगरीला आधी कळलं. "आजी टीव्हीतल्या ताईला सामान द्यायला गेली," ती म्हणाली आणि हसत सुटली. काका हसले, भिंगरीचा बाबा हसला, ताईंनी रुमाल तोंडाला लावला. पडदा सरकला आणि सासूबाई परत आल्या, त्याही हसतच. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "ठार वेडी झाले मी."

आणि मग त्या हसायच्या थांबल्या.

धाकटी उभी होती. बाळ छातीशी, अर्धवट प्यायलेलं, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली, एका पायात चप्पल, आणि दुसरा पाय पुढे टाकलेला. कधी उठली हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. बाळाचं पिणं थांबलं होतं आणि आता ते कुणाला दोष द्यावा याचा विचार करत इकडेतिकडे बघत होतं.

"तू का उठलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक आलं असं वाटलं."

"बाळ पीत होतं ना?"

"हो."

"पडद्याला तर हा होता."

"हो." धाकटीला स्वतःच्या पायातली ती एकच चप्पल दिसली, आणि का कोण जाणे, शरम वाटली. "पाय आपोआप उठले."

भिंगरीचा बाबा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. तो पडद्याला होता, आणि तो मात्र उठला नव्हता. त्याला टकटक टीव्हीतलीच वाटली होती. त्यात त्याचं चुकलं काहीच नव्हतं, पण चेहरा चुकल्यासारखा झाला.

"आवाज बंद कर," सासूबाई त्याला म्हणाल्या. त्याने केला. आजोबा आवाजाशिवाय बोलत राहिले, मुलगी रडत राहिली. सासूबाई खुर्चीत बसल्या नाहीत. धाकटीच्या समोर जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत असूनही, आणि तिला हाताने ओढून खाली बसवलं. "दे त्याला आधी. रडेल."

धाकटीने बाळाला पुन्हा घेतलं.

"मला इथे कोणी विचारलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे तक्रार नाही. तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. मी आले, सासूबाई एक दिवस म्हणाल्या, आज पडद्याला तू, आणि त्या जाऊन झोपल्या. तेव्हापासून उठतेच आहे, आज तर त्या टीव्हीतल्या पोरीला साबण द्यायला उठले." त्या थांबल्या. "गेले काही दिवस माझं मन मागेपुढे होत होतं. खोटं कशाला बोलू. लोक कौतुक करायला लागले की बरं वाटतं. मला वाटलं, फळ्या बदलू, दिवे लावू, तू बसशील. तुला हवंय का पण दुकान?"

धाकटीची नजर नवऱ्याकडे गेली, मग ताईंकडे.

"याच्याकडे बघू नकोस. ताईकडे बघू नकोस. मी विचारतेय. काय असेल ते सांग, मी रागवायची नाही, आणि रागावले तर उद्यापर्यंत विसरेन."

धाकटीने मनात या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार करून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंचा फोन, बाळाची झोप, भिंगरीची शाळा, सगळं नीट लावून, कुणाला लागणार नाही असं. त्यातलं एकही आठवेना.

"नको, आई," ती म्हणाली.

"नको ना?"

"नको. मला दवाखान्यात परत जायचंय."

"मग झालं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की धाकटीच्या मांडीवरच्या बाळाचं जावळ हललं. "हाच प्रश्न मी आधी विचारला असता तर एवढं रामायण झालं नसतं. औषधवाल्याला हो सांगायचं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला तो असा पडला की तिला हसू फुटलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाईंनी तिच्याकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही. त्या आपल्या बाळाचा पाय चोळत राहिल्या.

सगळे आता ताईंकडे बघत होते. भांडण होणार असेल तर तिकडून होणार होतं.

ताई टीव्हीकडे बघत होत्या. "तो म्हातारा उठलासुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तो. टीव्हीतला. पोरगी दारात आली, तर बसल्या जागी 'ये बाळ'. आई, तू आयुष्यात कधी बसल्या जागी कुणाला 'ये बाळ' म्हणालीस?"

"वेळ कुठे होता."

"माझ्या वाढदिवसाला मैत्रिणी आल्या होत्या, मी केक कापत होते आणि तू उठून गेलीस. काडेपेटीसाठी. मी सुरी धरून थांबले होते." ताईंनी रुमालाची घडी केली, मोडली. "हे मला आठवलंच नव्हतं. साबणाचा वास तेवढा आठवला."

"कोण काडेपेटी घ्यायला आलं होतं, मला आठवतं," काका म्हणाले. "मीच आलो होतो."

आता मात्र ताई हसल्या, रडतारडता, नाक पुसत. "काका, तुम्ही तर आत येऊन केकपण खाऊन गेलात."

"मग काय, पोरीचा वाढदिवस होता." काका खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या लक्षात आलं होतं की बाजू बदलायची वेळ टळत चालली आहे. "तसं माझं आधीपासून म्हणणं होतं वहिनी, की तुम्ही आता आराम करा. मालिकेतला तो टेलरही काही खास नाही. कात्री उलटी धरतो."

"आहे का कोणी?"

हा आवाज दुकानातून आला होता. खरा.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाईंनी दोन्ही हात मांडीखाली सरकवले, जणू हातच उठून जातील. धाकटीने बाळाला घट्ट धरलं. भिंगरीचा बाबा अर्धवट उठला, आणि सगळे आपल्याकडे बघतायत असं पाहून हा आवाज कुठला म्हणून त्याने आधी टीव्हीकडे बघितलं. तोवर काका उठले. जन्मात कधी गल्ल्यामागे न गेलेले काका सदरा खाली ओढत पडद्याआड गेले, आणि लगेच परत आले.

"औषधवाला आहे," ते कुजबुजले. "आणि अंडी मागतोय. अंडी कुठे असतात?"

औषधवाल्याचं हे असंच होतं. उत्तर मागायला यायचं, पण मागितल्यासारखं दिसू नये म्हणून अंडी घ्यायची. गेला महिनाभर तो रोज संध्याकाळी अंडी नेत होता. सासूबाई पडद्यातून डोकावल्या. "आत या हो. अंडी राहू द्या. जागा तुमची."

तो पडद्यात उभा राहिला. उंच, वाकलेला, चष्मा कपाळावर. "नक्की ना काकू? घाई नाही माझी. विचार करायचा तर आणखी करा."

"झाला करून."

"बरं झालं." तो एवढा हलका झाला की चौकटीलाच टेकला. "खरं सांगू का? बायको म्हणालीय, आज अंडी घेऊन आलास तर घरात घेणार नाही. मुलं शाळेतून येतात आणि घरात शिरायच्या आधी खिडकीतून विचारतात, आज पण तेच का म्हणून."

खोलीत एकच हशा पिकला. काकांनी त्याला बसवून घेतलं आणि दुकानासमोर एखादं बाक टाकायचा विचार आहे का, औषधं घ्यायला येणारी माणसं थकलेली असतात, असं सहज विचारतोय म्हणून विचारलं. औषधवाला म्हणाला बाक हवंच. काकांच्या चेहऱ्यावरचा शेवटचा ढग गेला. बाळ एव्हाना झोपून गेलं होतं, तोंड उघडं ठेवून.

स्वयंपाकघरात धाकटी चहाचं पाणी चढवत असताना ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. "मला आधी म्हणाली असतीस तर?"

"तुम्ही रडत होतात ताई. मध्येच कसं बोलणार?"

"ते खरं. मी रडायला लागले की मला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही." त्यांनी कप मांडले, एक जास्त मांडला, परत ठेवला. "दवाखान्यात कधीपासून?"

"उद्या सकाळी फोन करते त्यांना."

"आत्ता कर. चहा मी बघते." आणि धाकटी फोन घ्यायला वळली तशी ताई हळूच म्हणाल्या, "मी येत राहीन हं. दुकान नसलं तरी."

"तुमचं माहेर आहे," धाकटी म्हणाली. "दुकानासाठी येत होतात का?"

ताईंनी यावर थोडा विचार केला. "येत कुठे होते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंशी बोलून धाकटी बाहेर आली तेव्हा रस्त्यावर अजून उजेड होता. सासूबाईंनी दुकानाचं शटर खाली ओढलं होतं. इतक्या लवकर ते कधी खाली आलं नव्हतं, तेव्हा रस्त्याने जाणारी बाई थबकली आणि काही झालं का म्हणून विचारून गेली. काही नाही, सगळं ठीक, असं सासूबाईंनी आतूनच सांगितलं. मग जेवणं लवकर उरकायची म्हणून सगळे खाली बसले. कुणीही कुठेही बसलं. काकांची मांडी पडद्याला लागत होती, ताई दाराशी, भिंगरीचा बाबा आईच्या शेजारी. मध्येच एकदोनदा सगळे एकदम बोलायचे थांबले, कानोसा घेतला, आणि मग आपणच कानोसा घेतोय हे ओळखून हसले. सासूबाईंनी शेवटचा घास संपवला आणि तशाच बसून राहिल्या, पाय लांब करून, पाठ भिंतीला. धाकटीने त्यांना असं बसलेलं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. थकलेल्या होत्या, पण चेहरा निवांत होता, दात उपटून झाल्यावर खुर्चीतून उठणाऱ्या माणसाचा असतो तसा.

धाकटीने भिंगरीचे हात धुतले, तिला बाजूला घेऊन वेणी सोडायला बसली. पोरगी मघापासून विचारात होती. मोठ्यांचं हसणं, शटर, औषधवाला, सगळं तिने मुकाट्याने पाहिलं होतं. आता ती आजीकडे बघत होती, भिंतीला टेकून डोळे मिटलेल्या.

"आई, दुकान नसणार ना उद्यापासून?"

"थोडं सामान आवरायचंय. मग नाही."

"पण मी उठते तेव्हा आजी दुकानात असते. शाळेतून येते तेव्हा दुकानात असते. मला लागलं तरी मी तिकडेच जाते." तिने मान वळवली, त्यामुळे वेणी धाकटीच्या हातातून सुटली. "मग आता आजीला शोधायचं कुठे?"